गाठीचं बटण: चिनी पोशाख मिटतो कसा?

१. काज नसलेलं बटण

चिनी कपड्यांवर कापडाच्या दोरीची जी वळणदार बटणं दिसतात, त्यांनी खरंच काही बंद होतं का, की ती नुसती शोभेची असतात? कुंग फूचा सिनेमा पाहताना किंवा दुकानात उभ्या कॉलरची कुर्ती हातात घेतल्यावर हा प्रश्न हमखास पडतो. त्याच्यामागोमाग दुसराही येतो. ज्यांनी जगाला रेशीम दिलं, कागद दिला, त्यांना चार भोकांचं साधं बटण कसं सुचलं नाही?

या बटणाचं चिनी नाव पानकोउ. त्याचे भाग तीन. एका बाजूला दोरीचीच घट्ट गाठ मारून केलेला वाटाण्याएवढा गोळा. समोरच्या बाजूला त्याच दोरीचं लूप. आणि दोन्हींच्या मागे कापडावर टाचलेली शेपटी. शेपटी सरळ असेल तर बटण साधं, तिला फुलाचा किंवा फुलपाखराचा आकार दिला की बटण नक्षीचं. गोळा लूपमध्ये सरकवला की कपडा बंद.

आता आपल्या शर्टाशी हे ताडून पाहा. शर्टाला काज लागतं, म्हणजे कापडाला चीर द्यावी लागते आणि तिच्या कडा दोऱ्याने बांधून काढाव्या लागतात. जाड सुती कापड हे सोसतं. तलम रेशमाला चीर दिली की धागे सुटू लागतात, आणि त्या एका जागेवर रोज ताण आला की ती फाटते. पानकोउमध्ये कापडाला कुठेही चीर नसते. गोळा एका काठावर, लूप दुसऱ्या काठावर. ओढ बसली तर ती शेपटीच्या पूर्ण लांबीत घातलेल्या टाक्यांवर वाटली जाते. धुताना फुटायला त्यात शिंपला नाही, गंजायला लोखंड नाही. कपडा बेतून उरलेल्या चिंध्यांतून बटणं होतात, म्हणजे त्यासाठी वेगळा खर्चही नाही.

तर चार भोकांचं बटण न सुचण्यामागे कारागिराचा हिशेब होता. पण एवढ्याने गोष्ट संपत नाही. चीनमध्ये कपडा कुठल्या बाजूला मिटायचा आणि कशाने मिटायचा, हा प्रश्न शिंप्याच्या हातात क्वचितच राहिला. त्यावर राजांनी हुकूम काढले, माणसांनी जीवही गमावले.

२. बटणाआधीचे बंद

आज ज्याला हानफू म्हणतात, तो हान लोकांचा जुना पोशाख बटणाविना चालत असे. त्याची रचना समजायला सोपी आहे. अंगरखा समोरून उघडा. त्याचे दोन पदर छातीवर एकमेकांवर येतात आणि गळ्याशी तिरकी फुली तयार होते. काखेजवळ आत-बाहेर बंद बांधायचे आणि कमरेला पट्टा आवळायचा. आपली बाराबंदी डोळ्यांसमोर आणली की निम्मं काम झालं.

१९७२ साली छांगशा शहराजवळ मावांगतुइ इथलं एक थडगं उघडलं गेलं. ते इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या एका सरदाराच्या पत्नीचं होतं. त्यात सापडलेल्या कपड्यांत विरळ रेशमाचा एक बिनअस्तरी झगा आहे. पूर्ण लांबीचा, लांब बाह्यांचा, आणि वजन अवघं ४९ ग्रॅम. त्याला एकही बटण नाही. इतक्या हलक्या कापडाला कडक बटण लावलं तर ते बटणाच्या भारानेच ओघळेल.

पदर कुठला वर घ्यायचा याचा मात्र नियम पक्का होता. डावा पदर उजव्यावर आणायचा आणि कपडा उजव्या कुशीला मिटायचा. याच्या उलट, डाव्या कुशीला मिटणारे ते परके, उत्तरेकडचे भटके टोळीवाले, अशी समजूत होती. मृताला मात्र उलट बाजूने गुंडाळत. 'लीजी' या प्राचीन विधिग्रंथात आणखी एक बारकावा सांगितला आहे. मृताच्या बंदांना सुटणारी सुरगाठ मारत नाहीत, कायमची गाठ मारतात. जिवंत माणसाला संध्याकाळी कपडे उतरवायचे असतात, गेलेल्याला ते काम उरत नाही.

बाजूवरून माणूस ओळखणं आपल्याला नवं वाटू नये. मुघलकालीन चित्रांत जाम्याचे बंद हिंदू सरदारांच्या डाव्या काखेत आणि मुसलमान सरदारांच्या उजव्या काखेत दिसतात. कापड तेच, बेत तोच, ओळख मात्र बंदाच्या जागेवरून.

३. एक आकडा आणि एक बाण

बंद कपड्याला सांभाळतात, पण तलवार, पिशवी, शिक्का यांचा भार पेलायला चामड्याचा पट्टा लागतो आणि पट्ट्याला अडकवायला काहीतरी हवं. त्यासाठी चिनी कारागिरांनी पट्ट्याचा आकडा घडवला. एका टोकाला प्राण्याच्या डोक्यासारखं वळण, मागच्या अंगाला बटणासारखा खुंटा. खुंटा पट्ट्याच्या एका टोकात बसवायचा, वळण दुसऱ्या टोकाच्या भोकात अडकवायचं. हे आकडे काशाचे असत, काहींत सोन्याचांदीचं आणि पिरोजाचं जडावकाम असे. शीआनजवळ सापडलेल्या मातीच्या सैनिकांच्या कमरेलाही शिल्पकाराने असे आकडे कोरले आहेत.

या आकड्याने एकदा इतिहास वळवला. इसवी सनापूर्वी ६८५ मध्ये छी राज्याच्या गादीसाठी दोन भाऊ धावत होते. एकाचा पाठीराखा ग्वान चोंग याने दुसऱ्यावर नेम धरून बाण सोडला. बाण लागला तो नेमका कमरेच्या आकड्यावर. त्या राजपुत्राने मेल्याचं सोंग घेतलं, शत्रूला गाफील ठेवलं आणि आधी राजधानी गाठून राजा झाला. हाच छीचा राजा ह्वान. पुढे त्याने वैर गिळलं आणि त्याच ग्वान चोंगला आपला प्रधान केलं.

या ग्वान चोंगबद्दल कन्फ्यूशिअसने जे म्हटलं ते आपल्या विषयाच्या मुळाशी जातं. त्याच्या म्हणण्याचा भाव असा, की हा प्रधान नसता तर आपण सगळे आज केस मोकळे सोडून डाव्या बाजूला मिटणारे कपडे घालत असतो. थोडक्यात, परक्यांच्या राज्यात असतो. एका थोर विचारवंताला गुलामीची खूण सांगायची होती आणि त्याला आठवला तो कपड्याचा पदर.

४. घोड्यावर बसायचं तर

पायघोळ, रुंद बाह्यांचा, बंदांनी बांधलेला झगा दरबारात शोभतो. घोड्यावर तो उडतो, पायांत अडकतो आणि गळ्यातून वारा आत शिरतो. इसवी सनापूर्वी ३०७ मध्ये चाव राज्याचा राजा वूलिंग याने हे ओळखलं. उत्तरेच्या घोडेस्वारांशी लढायचं तर त्यांच्यासारखीच विजार, तोकडा अंगरखा आणि चामडी पट्टा हवा, असं त्याने ठरवलं. स्वतःच्याच दरबाऱ्यांनी विरोध केला. परक्यांचे कपडे म्हणजे परक्यांची रीत, हा त्यांचा मुद्दा होता. राजाने तो मानला नाही आणि घोडदळ उभं केलं.

तांग काळात, म्हणजे सातव्या ते दहाव्या शतकांत, पुरुषांत गोल गळ्याचा अंगरखा रूढ झाला. हे वळणही उत्तर-पश्चिमेकडच्या मैदानांतून आलं. इथे बंदांची खरी अडचण झाली. तिरक्या फुलीच्या गळ्याला बंद काखेत लपतात. गोल गळा मानेभोवती नीट बसवायचा तर तो खांद्याजवळच मिटला पाहिजे, आणि तिथे बंदाची गाठ लोंबत राहिली तर विचित्र दिसतं. म्हणून तिथे कापडाच्या गाठीचं छोटं बटण आलं.

मिंग काळात, १३६८ ते १६४४ या वर्षांत, स्त्रियांच्या कपड्यांना उभी कॉलर आली आणि तिच्यासोबत धातूची जोडबटणं. दोन तुकडे, एकाला बोंड आणि दुसऱ्याला कडी. एक आवडती नक्षी अशी होती: मधे फूल आणि दोन्ही बाजूंना त्याकडे झेपावणारी फुलपाखरं. बटण लावलं की फुलपाखरं फुलावर येऊन बसत. सोन्याची, चांदीची, रत्नं जडवलेली अशी बटणं मिंगकालीन थडग्यांत सापडली आहेत.

म्हणजे गाठीचं बटण आणि धातूचं बटण दोन्ही चीनला ठाऊक होती. तरी मुख्य पोशाख अजून बंदांवरच उभा होता. बटणाला मधोमध आणून बसवलं ते एका पराभवाने.

५. १६४५ चा हुकूम

१६४४ साली ईशान्येकडच्या मांचू लोकांनी बीजिंग घेतलं आणि छिंग राजवट सुरू झाली. पुढच्याच वर्षी फर्मान निघालं: हान पुरुषांनी दहा दिवसांच्या आत कपाळावरचे केस भादरून मागे वेणी राखावी आणि मांचू पद्धतीचे कपडे घालावेत. न पाळणाऱ्याला मृत्युदंड. यांगत्सी नदीच्या दक्षिणेला लोकांनी बंड केलं आणि च्यादिंगसारख्या गावांत कत्तली झाल्या. स्त्रियांवर मात्र ही सक्ती तशी झाली नाही. त्या घागरा आणि अंगरखा घालत राहिल्या. रंगभूमीही बचावली. आजही पेकिंग ऑपेराचे पोशाख मिंगकाळाच्या वळणाचे दिसतात.

मांचू पोशाख मुळात घोडेस्वाराचा. बाह्या अरुंद, मनगटाशी घोड्याच्या खुरासारखी पुढे आलेली कड, जी थंडीत हाताच्या पाठीवर ओढून घेता येते. मांड टाकता यावी म्हणून खाली चिरा. आणि समोरचा रुंद पदर पूर्ण छातीवरून उजव्या बाजूला जाऊन बटणांनी बंद होणारा. छातीवर कापडाचे दोन थर येतात, वारा आत शिरत नाही.

या अंगरख्यावरची बटणांची वाट बोटाने काढून पाहा. पहिलं बटण गळ्याच्या मध्याशी. तिथून काठ उजवीकडे वळतो, दुसरं बटण गळ्याच्या हाडाखाली. मग काठ काखेकडे उतरतो, तिसरं काखेशी. तिथून तो कुशीने सरळ खाली जातो, चौथं आणि पाचवं तिथे. बहुतेक अंगरख्यांना अशी पाचच बटणं. दरबारी कपड्यांवर सोनेरी मुलाम्याची पितळी गोळी आणि कापडाचं लूप, साध्या कपड्यांवर कापडाचीच गाठ.

गंमत अशी, की मांचू अंगरखाही उजवीकडेच मिटत असे. कन्फ्यूशिअसला खुपलेली डावी मिटण आली नाही. बदललं ते मिटायचं साधन. आणि सुमारे पावणेतीनशे वर्षांच्या छिंग राजवटीत ते साधन इतकं अंगवळणी पडलं, की बाहेरच्या जगाला तेच 'चिनी' वाटू लागलं.

६. गाठ बनते कशी

आता प्रत्यक्ष काम पाहू. सुरुवात उरेब पट्टीपासून होते. कापडाचे उभे-आडवे धागे ४५ अंशांत कापले जातील अशी तिरपी पट्टी म्हणजे उरेब. सरळ कापलेली पट्टी वळवली की तिला चुण्या पडतात. उरेब पट्टी ताणली जाते आणि वळणावर गुळगुळीत बसते. पानकोउ म्हणजे सगळी वळणंच, त्यामुळे सरळ पट्टी इथे कामाची नाही.

एक छोटा हिशेब करू. ३० सें.मी.चा रेशमी चौकोन घेतला तर त्याचा कर्ण सुमारे ४२ सें.मी. भरतो. तेवढी ही सर्वांत लांब उरेब पट्टी. कापण्याआधी कापडाला मागून पातळ खळ लावून वाळवतात, म्हणजे कडा सुटत नाहीत. पट्टी २ सें.मी. रुंद कापली, दोन्ही कडा आत मध्यापर्यंत दुमडल्या की रुंदी १ सें.मी. पुन्हा मधोमध दुमडली की अर्धा सें.मी., आणि थर चार. उघडी कड बारीक टाक्यांनी बंद केली की दोरी तयार. जाड कापडाची दोरी जाड होते आणि गोळा वाटाण्याऐवजी बोराएवढा होतो. म्हणून हलक्या रेशमासाठी पट्टी अरुंद घेतात.

मग गाठ. दोरी बोटांवर गुंफून तिचे वेढे एकमेकांखालून-वरून काढतात आणि दोन्ही टोकं मधल्या पोकळीतून खाली घेतात. या वेळी हातात एक सैल, चपटी जाळी असते. ती एकदम ओढली की वाकडी बसते. कारागीर चिमट्याने एकेक वेढा क्रमाने आवळत जातो. दोरीची शिवण सतत खालच्या अंगाला राहील हे पाहतो. तीन-चार फेऱ्यांनंतर जाळी गोळ्यात बदलते. चांगला गोळा नखाने दाबला तर दबत नाही. समोरच्या लूपचं माप असं ठेवतात, की गोळा किंचित रेटल्यावर आत जावा. सहज गेला तर तो सहज बाहेरही येणार.

शेपटी सरळ टाचली तर ते साधं बटण, रोजच्या कपड्यांचं. शेपटी पिंपळपानासारखी गोल वळवत नेली तर ते पीपा बटण, पीपा नावाच्या चार तारांच्या वाद्याच्या आकाराचं. नक्षीच्या बटणांसाठी दोरीत तांब्याची बारीक तार घालतात, म्हणजे दिलेलं वळण टिकतं. मग चिमट्याने पाकळ्या, पंख, शेवंती, प्लमचं फूल, लग्नाच्या कपड्यांवर दुहेरी आनंदाचं अक्षर, असं काय हवं ते. पाकळीची पोकळी मोकळी ठेवता येते किंवा आत कापूस भरून वर दुसऱ्या रंगाचं रेशीम बसवता येतं. हिरव्या दोरीच्या चौकटीत लाल पाकळी अशी उठून येते. शेवटी डाव्या-उजव्या भागांची जोडी समोरासमोर ठेवून जुळवतात. जोडीतला एक पंख मोठा झाला तर तो भाग उसवून नव्याने.

७. शांघाय, चेन आणि टाचबटण

१९११ च्या क्रांतीने छिंग राजवट संपली, वेण्या कापल्या गेल्या. पुरुषांसाठी क्रांतीचे नेते सुन यत-सेन यांच्या नावाने ओळखला जाणारा चार खिशांचा, पाच बटणांचा कोट आला. मधोमध उघडणारा, काज-बटणांचा. पुढे जगाने त्याला माओ सूट म्हटलं.

स्त्रियांच्या बाबतीत उलट घडलं. १९२० च्या दशकात शांघायच्या शहरी तरुणींनी मांचू लांब झग्याच्या वळणाचा एकसंध पोशाख उचलला. तोच छिपाओ. १९२९ च्या सरकारी नियमांत तो स्त्रियांच्या औपचारिक पोशाखांत गणला गेला. त्यात कपडा उजवीकडे मिटावा, रंग निळा असावा, लांबी गुडघा आणि घोटा यांच्या मध्यापर्यंत असावी, बटणं सहा असावीत, इथपर्यंत सांगितलं होतं. शांघायने त्यातलं फारसं मनावर घेतलं नाही. कॉलर कधी हनुवटीला टेकली, कधी खाली आली. बाह्या लांबल्या, आखडल्या, गेल्या. सैल कपडा अंगाबरोबर बसू लागला. लेखिका च्यांग आयलिंग हिने १९४३ साली या बदलत्या फॅशनवर लिहिलेला निबंध आजही त्या काळाचा साक्षीदार मानला जातो.

अंगाबरोबर बसणाऱ्या कपड्याने पानकोउचं काम बदललं. ताण वाढला की दोन बटणांच्या मधल्या जागेत कापड तोंड वासतं. यावर उपाय म्हणून टाचबटणं आली, मग कुशीला चेन आली. आता कपडा बंद ठेवायचं काम चेनचं, आणि पानकोउ मोकळं झालं नटायला. नक्षी सर्वांत फुलली ती याच काळात. आपल्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे: साध्या जुन्या कपड्यावरचं बटण कामाचं असतं, अंगासरशा छिपाओवरचं बहुधा शोभेचं.

१९४९ साली कम्युनिस्ट सत्तेवर आल्यावर मुख्य भूमीवर छिपाओ मागे पडला. राष्ट्राध्यक्ष ल्यू शाओछी यांच्या पत्नी वांग ग्वांगमेइ १९६३ साली इंडोनेशियाच्या सरकारी दौऱ्यात छिपाओ घालून गेल्या होत्या. १९६७ च्या एप्रिलमध्ये, सांस्कृतिक क्रांतीच्या भरात, रेड गार्ड्सनी त्यांना छिंगह्वा विद्यापीठात भर सभेत उभं केलं, जबरदस्तीने छिपाओ घालायला लावला आणि गळ्यात पिंगपाँगच्या चेंडूंची माळ अडकवली. एका पोशाखाची शिक्षा त्याच पोशाखाने. दरम्यान शांघायचे अनेक शिंपी हाँगकाँगला गेले होते, कला तिथे टिकली. २००० साली वाँग कार-वाय यांच्या 'इन द मूड फॉर लव्ह' या चित्रपटाने तो हाँगकाँगी छिपाओ जगभर पोहोचवला. हाँगकाँगच्या छिपाओ शिवणकलेला २०२१ मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली.

८. खरा चिनी पोशाख कुठला?

२००१ च्या ऑक्टोबरमध्ये शांघायला अपेक परिषद भरली. तिथे बुश, पुतिन यांच्यासह सगळे नेते उभ्या कॉलरचे, पानकोउ लावलेले रेशमी जॅकेट घालून छायाचित्रासाठी उभे राहिले. नाव 'तांग' पोशाख, बेत मात्र छिंग काळच्या जॅकेटचा. चीनने जगापुढे आपला राष्ट्रीय पेहराव म्हणून हा कपडा ठेवला.

दोनच वर्षांनी याला घरातूनच आव्हान मिळालं. २००३ पासून तरुण मंडळी हानफू घालून रस्त्यावर येऊ लागली. त्यांचं म्हणणं असं, की छिपाओ काय किंवा तांग जॅकेट काय, ही मांचू वळणाची देणगी आहे. आमचा पोशाख फुलीच्या गळ्याचा, उजवीकडे मिटणारा, बंदांचा. पुढे ही चळवळ मोठी बाजारपेठ झाली. २०२२ च्या जुलैमध्ये पॅरिसमध्ये डिओरच्या दुकानासमोर चिनी विद्यार्थ्यांनी निदर्शनं केली. कंपनीचा एक घागरा मिंगकाळच्या घोडामुखी घागऱ्याची नक्कल आहे आणि त्याचं श्रेय दिलेलं नाही, अशी तक्रार होती. त्या घागऱ्याची खूण म्हणजे एकमेकांवर येणारे दोन पदर, बाजूंना चुण्या, आणि कमरेला बंद.

या वादात बटणाची बाजू घ्यायची झाली तर एवढंच म्हणता येईल: गोल गळा मैदानांतून आला, बाजूचा पदर घोडेस्वाराने आणला, चेन कारखान्याने दिली. या प्रत्येक नव्या कपड्याला गाठीचं बटण बसवून दिलं ते स्थानिक शिंप्यांनी. कपडे परके ठरले असतील, ते शिंपी नव्हते.

आता पुढच्या वेळी चिनी ऐतिहासिक मालिका पाहाल तेव्हा स्वतःच काळ ओळखून पाहा. तीन गोष्टी पुरतात: कपडा कुठे मिटतो, कशाने मिटतो, आणि ते साधन खरंच काम करतं का.

फुलीचा गळा, काखेत बंद: कथा १६४५ च्या आधीची, किंवा पात्र आजचं हानफूप्रेमी.

गोल गळा, मनगटाशी खुरासारखी कड, गळ्यापासून कुशीपर्यंत पाच बटणं: छिंग दरबार.

उभी कॉलर, अंगासरसा बेत, छातीवर रेशमी फुलाचं बटण आणि कुशीला लपवलेली चेन: १९३० नंतरचं शांघाय किंवा हाँगकाँग.

मधोमध पाच साधी बटणं, चार खिसे: १९११ नंतरचा पुरुष.

आणि पात्र मिंग काळातलं सांगितलं असून त्याच्या अंगावर कुशीला मिटणारा, पाच गाठींचा अंगरखा दिसला, तर दिग्दर्शकाने पोशाख दुसऱ्याच मालिकेच्या पेटीतून काढला आहे असं खुशाल समजा.